राळेगावात ईज पडली, तिचा करंट नागपुरात बसून कसा सांगतात?

पुतण्या इलेक्ट्रिकल डिप्लोमाला आहे, त्यानं परवा विचारलं, "काका, ईजेले क्लॅम्प मीटर कोण लावते?" क्लॅम्प मीटर म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र. प्रश्न एकदम बरोबर आहे. पुस्तकात छापलेलं असतं की वीज म्हणजे ३० हजार अँपिअर, बातमीतही येतं, आपण वाचतो आणि पुढं जातो, पण मोजलं कोणी? तर बहुतेक विजांच्या बाबतीत कोणीच मोजलेलं नसतं. कुठंतरी पन्नास-शंभर-दोनशे किलोमीटरवर एक अँटेना उभा असतो, त्याच्यावर एक धक्का येतो आणि त्या धक्क्यावरून मागं हिशोब करत करत करंट काढला जातो. हा हिशोब करताना मधात दोन-तीन गोष्टी चक्क धरून चालाव्या लागतात, आणि आकडा सांगणारे लोक त्या धरलेल्या गोष्टी सांगायचं बरेचदा विसरतात, म्हणून जरा खोलात लिहून राहिलो.

आधी खरंच मोजलेल्या विजा कोणत्या ते पाहू, कारण बाकी सगळा अंदाज त्यांच्याच भरवशावर उभा आहे. वीज कुठं पडणार हे आधी माहीत नसतं, मग मीटर कुठं ठेवणार? त्यावर दोन उपाय निघाले. पहिला म्हणजे जिथं वीज वारंवार पडते अशा उंच जागी टॉवर उभारून बसायचं. स्वित्झर्लंडमध्ये लुगानोजवळ मोंते सान साल्वातोरे नावाचा डोंगर आहे, तिथं कार्ल बर्गर या इंजिनिअरनं १९४० च्या दशकापासून टॉवरवर करंट मोजला, वर्षानुवर्षं मोजत राहिला, आणि १९७५ मध्ये जो हिशोब छापून आला त्यात निगेटिव्ह विजेचे, म्हणजे ढगातला निगेटिव्ह चार्ज खाली आणणाऱ्या विजेचे, पहिले झटके होते १०१ (एकाच विजेत एकामागून एक असे झटके येतात), त्यानंतरचे झटके १३५ आणि पॉझिटिव्ह विजा फक्त २६. एवढ्याच. आज जगभरात बिल्डिंगवर, विजेच्या लाईनवर, टाकीवर जे संरक्षण बसवतात त्याच्या आकडेमोडीत हे अडीचशेच्या जरा वर झटके अजूनही बसलेले आहेत. पहिल्या झटक्याचा मधला आकडा ३० हजार अँपिअर, म्हणजे निम्म्या विजा याच्या वर आणि निम्म्या खाली, आणि शंभरातल्या पाचेक ८० हजाराच्या वर जातात. पुस्तकातले ३० हजार इथून आले.

दुसरा उपाय जरा धाडसाचा. ढग भरून आले, खाली इलेक्ट्रिक फील्ड (चार्जमुळं हवेत पडणारा ताण, दर मीटरला इतके व्होल्ट असा मोजतात) वाढलं की एक छोटं रॉकेट वर सोडायचं, त्याच्या मागं तांब्याची बारीक तार उलगडत जाते, तारेचं खालचं टोक जमिनीला, आणि दोनतीनशे मीटर वर गेलं की वीज त्या तारेनंच खाली येते, तार वाफ होऊन जाते, पण खाली लावलेल्या शंटमधून, म्हणजे करंट मोजायच्या ठरावीक रोधाच्या पट्टीतून, करंट मोजून होतो. फ्लोरिडात कॅम्प ब्लँडिंगला १९९३ पासून हे काम चाललं. आजच्या तारखेला बोलायचं तर स्वित्झर्लंडमधला सँटिस टॉवर आहे, १२४ मीटरचा, तिथं २०१० पासून मोजमाप चालू आहे, वर्षाला शंभरेक विजा त्याच्यावर पडतात. आपल्या वावरातलं निंबाचं झाड कधी वर्षाला शंभर विजा खात नाही, म्हणून तिथं मीटर बांधून उपयोग नाही.

आता वीज पडते म्हणजे नेमकं काय होतं ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. ढगाच्या खालच्या बाजूला निगेटिव्ह चार्ज असतो, तिथून एक फांदी पन्नासेक मीटरच्या टप्प्याटप्प्यानं खाली उतरते, तिचा उजेड कमी असतो, डोळ्याला बहुतेक दिसतही नाही, आणि उतरता उतरता ती आपल्या सगळ्या लांबीवर चार्ज मांडत येते. जमिनीला टेकली की खरा खेळ सुरू होतो. दिवाळीनंतर जिनिंगच्या गेटसमोर कापसाच्या गाड्यांची किलोमीटरभर लाईन लागते, तसं समजा. गेट उघडलं की सगळ्यात पुढची गाडी आधी आत जाते, मग तिच्या मागची हलते, मग तिच्या मागची. गाड्या जातात पुढं गेटाकडं, पण "हललो रे" ही लाट जाते मागं, लाईनच्या शेपटाकडं. विजेतही तेच. चार्ज खाली जमिनीत उतरतो आणि उजेडाची, करंटची लाट मात्र जमिनीकडून वर ढगाकडं धावते. तिला रिटर्न स्ट्रोक म्हणतात आणि डोळे दिपवणारा लख्ख उजेड तिचाच. ही लाट प्रकाशाच्या वेगाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत, कधी त्याहून जास्त वेगानं वर जाते, म्हणजे सेकंदाला एक ते दोन लाख किलोमीटर. हा वेग लक्षात ठेवा, सगळी भानगड पुढं इथंच आहे.

करंट काही मायक्रोसेकंदात (सेकंदाचा दहा लाखावा हिस्सा म्हणजे एक मायक्रोसेकंद) शून्यावरून ३० हजारावर जातो आणि तोही कित्येक किलोमीटर उभ्या मार्गातून. करंट झपाट्यानं बदलला की त्या मार्गाचा अँटेना होतो, रेडिओ स्टेशनच्या मास्टसारखाच, फक्त याच्यावर गाणी लागत नाहीत. घरी जुना ट्रान्झिस्टर असेल तर मीडियम वेव्हवर लावा, स्टेशनच्या जरा बाजूला सरकवा, आणि दूर क्षितिजावर लखलखत असेल, गडगडाट अजिबात ऐकू येत नसेल, अशा वेळी घरात बसूनच ऐका. प्रत्येक चमकेला कडकड खरखर येते. आता रेडिओ आडवा धरून हळूहळू फिरवा. आत फेराइटची कांडी असते, ती कांडी विजेच्या दिशेनं रोखली गेली की खरखर कमी होते आणि त्या दिशेला काटकोनात आली की वाढते. म्हणजे साध्या रेडिओनं तुम्ही वादळ कोणत्या दिशेला आहे ते काढू शकता, फक्त समोर की मागं ते कळत नाही. विजा शोधायच्या केंद्रांमध्ये हेच काम काटकोनात बसवलेल्या दोन कॉइल करतात. आणि जोडीला जीपीएसचं घड्याळ असतं, तीन-चार ठिकाणी धक्का किती वाजता पोचला त्याच्या फरकावरून जागा निघते, एक मायक्रोसेकंद चुकला की तीनशे मीटर चुकले असा सरळ भाव आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं जाळं आणि त्यांचं विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप याच पद्धतीच्या खटाटोपावर चालतं.

जागा निघाली, आता करंट. विजेपासून निघणाऱ्या फील्डचे तीन भाग पडतात. एक भाग चार्जमुळं, तो अंतराच्या घनानं कमी होतो, अंतर दुप्पट झालं की आठवा हिस्सा उरला. दुसरा करंटमुळं, तो वर्गानं कमी होतो, म्हणजे चौथा हिस्सा. तिसरा करंट किती झपाट्यानं बदलला त्यामुळं, आणि तो फक्त अंतराच्या पटीत कमी होतो, निम्मा उरतो. जवळ, चार-पाच किलोमीटरवर, तिघंही घुसळलेले असतात, सुरुवातीचा शेंडा, म्हणजे सगळ्यात वरचा आकडा, गेल्यावर फील्ड हळूहळू चढतच राहतं आणि त्यातून करंट वेगळा काढायचा म्हणजे डोक्याला ताप. पण पन्नास-शंभर किलोमीटरवर पहिले दोघं जवळपास मरून जातात, तिसरा एकटाच उरतो, म्हणून गंमत अशी की करंट मोजायला दूर उभं राहणं सोयीचं पडतं.

त्या दूरच्या फील्डचा सगळ्यात साधा हिशोब उमन आणि मॅक्लेन या दोघांनी १९६९ मध्ये मांडला, त्याला ट्रान्समिशन लाईन मॉडेल म्हणतात. त्याचं म्हणणं एवढंच की जमिनीजवळ जो करंट निघाला तोच, काही न गमावता, ठरावीक वेगानं वर जातो. मग सूत्र अगदी पोरगंही करेल असं निघतं. फील्डचा शेंडा गुणिले अंतर, भागिले लाटेचा वेग, आणि त्याला एका ठरलेल्या संख्येनं, ०.०००००० नंतर २, म्हणजे दोन भागिले एक कोटी यानं, पुन्हा भागायचं.

करूनच पाहू. राळेगाव ते नागपूर सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास. नागपुरातल्या अँटेनावर मीटरमागं ६ व्होल्टचा शेंडा आला. हे काही उगाच घेतलेलं नाही, शंभर किलोमीटरवर पहिल्या झटक्याचं फील्ड साधारण एवढंच येतं. लाटेचा वेग सेकंदाला दीड लाख किलोमीटर धरला तर करंट निघतो २० हजार अँपिअर. आता वेग एक लाख धरा, तेच ६ व्होल्ट, करंट झाला ३० हजार. वेग दोन लाख धरा, १५ हजार. अँटेना तोच, धक्का तोच, आणि एका माणसाची वीज दुसऱ्याच्या दुप्पट! वेग प्रत्येक विजेला वेगळा असतो आणि तो मोजायला खास कॅमेरा लागतो, तो काय प्रत्येक तालुक्यात लावून ठेवलेला नाही. म्हणून कोणी "या विजेत २१ हजार ४०० अँपिअर होते" असं सांगितलं तर ते ४०० सोडून द्या, त्याला काही अर्थ नाही.

मग जाळं चालवणारे काय करतात? ते सूत्र सरळ लावत नाहीत, रॉकेटनं पाडलेल्या विजांवर आपला आकडा घासून पाहतात. तिकडं शंटवर खरा करंट, इकडं सेन्सरवर फील्ड, दोन्हीची जोडी लावून एक गुणक ठरवतात. अमेरिकेच्या जाळ्यावर असं केलं तेव्हा साधारण १५ ते २० टक्क्यांची चूक निघाली, म्हणजे काम चांगलं आहे, नावं ठेवायला जागा नाही. पण इथं एक मोठी मेख आहे. रॉकेटवाली वीज नैसर्गिक विजेच्या पहिल्या झटक्यासारखी नसतेच, ती दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यासारखी असते. एका विजेत सरासरी तीन-चार झटके येतात, चाळीस-साठ मिलिसेकंदाच्या अंतरानं, म्हणून तर वीज थरथरताना दिसते. पहिला झटका फांद्याफांद्यांचा, वेडावाकडा, नवी वाट पाडत आलेला असतो आणि नंतरचे त्याच तयार वाटेनं सरळ येतात. म्हणजे घासून पाहिलं नंतरच्या झटक्यांवर आणि तोच गुणक लावला पहिल्यालाही. टॉवरवर तपासावं तर टॉवर स्वतःच मधात कडमडतो, लोखंडातून करंटची लाट जवळपास प्रकाशाच्या वेगानं धावते आणि टॉवरच्या टोकापासून एक वर, एक खाली अशा दोन लाटा निघतात, त्यामुळं दूरचं फील्ड वाढून दिसतं आणि करंट आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. म्हणून पहिल्या झटक्याच्या आकड्यावर मी तरी जरा हात राखूनच विश्वास ठेवतो.

दुसरी अडचण जमिनीची. ही लाट नागपूरला येते ती जमिनीला घासत घासत येते. जमीन करंटला चांगली वाट देणारी असली, म्हणजे ओली काळी जमीन, तर नुकसान कमी. मुरमाड, खडकाळ, कोरडी असली तर लाटेतला झटपट बदलणारा भाग ती खाऊन टाकते, शेंडा बुटका होतो आणि चढ लांबतो. म्हणजे तोच करंट पण आकडा कमी निघतो, म्हणून अंतरानुसार त्याला थोडा वाढवून घ्यावा लागतो. आणि त्यात अँटेना बिल्डिंगच्या छतावर असला तर तिथं फील्ड आधीच वाढलेलं असतं, मग वाढवायचं की कमी करायचं, हे प्रत्येक जागेला वेगळं बघावं लागतं.

आता मॉडेलकडं परत, कारण आतापर्यंत फक्त शेंड्याचं झालं. १९४१ मध्ये ब्रूस आणि गोल्ड यांनी जे मॉडेल दिलं होतं त्यात लाट जिथपर्यंत पोचली तिथपर्यंतच्या सगळ्या मार्गात एकाच क्षणी सारखाच करंट, म्हणजे गेटवर काय झालं ते लाईनमधल्या सगळ्या गाड्यांना त्याच क्षणी कळलं, मधात वेळच लागला नाही. असं होणं शक्य नाही. शिवाय करंटच्या आकारासाठी त्यांनी दोन एक्स्पोनेन्शियलची (दर ठरावीक वेळेला ठरावीक हिस्साच उरतो अशा घटत्या रेषांची) वजाबाकी घेतली, ती पहिल्या क्षणालाच सगळ्यात उभी चढते, खरा करंट मात्र आधी सावकाश सरकतो आणि मग एकदम उसळतो. हे दुखणं नंतर हायडलर या जर्मन इंजिनिअरच्या सूत्रानं १९८५ मध्ये बरं केलं आणि विजेपासून संरक्षणाच्या आजच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये तेच सूत्र आहे. त्यात सगळ्यात कडक पातळीला पहिला झटका २ लाख अँपिअरचा धरतात, चढायला १० मायक्रोसेकंद, निम्मा व्हायला ३५०.

ट्रान्समिशन लाईन मॉडेलचीही एक गोची आहे. त्याच्या म्हणण्यानुसार शंभर किलोमीटरवर फील्डचा आकार हुबेहूब करंटसारखाच यायला पाहिजे. शेंड्यापर्यंत येतोही. पण खरं फील्ड तीस-पन्नास मायक्रोसेकंदात शून्याच्या खाली जातं आणि जमिनीतला करंट तर अजून चांगला वाहत असतो. मग हे कसं जुळायचं? तर वर जाता जाता करंट कमी होत जातो असं धरलं की जुळतं. जिनिंगच्या लाईनमध्ये जसजसं मागं जावं तसतशा गाड्या अर्ध्याच भरलेल्या निघाव्या, तसं. राकोव्ह आणि डुल्झोन यांनी १९८७ मध्ये करंट उंचीच्या सरळ प्रमाणात घटवला, नुच्ची आणि त्याच्या जोडीदारांनी १९८८ मध्ये एक्स्पोनेन्शियल पद्धतीनं घटवला, साधारण दर दोन किलोमीटरला एक तृतीयांशाच्या जरा वर उरतो या हिशोबानं. दोन्हीत फील्ड बरोबर शून्याच्या खाली जातं. कोणतं खरं? खरं म्हणजे दोन्ही मॉडेल आपल्याला पाहिजे तसं उत्तर यावं म्हणून शिवलेले कपडे आहेत, आतल्या तापलेल्या वायूचं भौतिकशास्त्र त्यात फारसं नाही, पण कामाला येतात आणि इंजिनिअरला तेवढं पुरतं.

यातून एक गोष्ट बघा. दूरच्या फील्डवरून करंटचा शेंडा काढता येतो, शेपूट काढता येत नाही, कारण शेंड्याच्या वेळी लाट अजून खालच्या शे-पाचशे मीटरमध्येच असते, तिथं सगळे मॉडेल एकसारखं बोलतात. नंतर मात्र लाट वर गेली, मार्ग वाकडा झाला, करंट घटला, फांद्या जोडल्या गेल्या, आणि एकाच फील्डला वेगवेगळे करंट बसू शकतात. म्हणून एकूण किती चार्ज उतरला हे जाळं सांगू शकत नाही. आपल्याकडं कुटाराची गंजी पेटते, गोठ्याचं छप्पर पेटतं, ते बहुतेक ३० हजाराच्या शेंड्यानं पेटत नाही, तो तर क्षणात येऊन जातो. पेटवतो तो झटक्यानंतर शे-दोनशे अँपिअरनं रेंगाळणारा करंट, सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शापर्यंत चालणारा, आणि तो इतका संथ की दूरच्या अँटेनाला दिसतच नाही. जाळ्याच्या यादीत १२ हजाराची "लहान" वीज आणि वावरात गंजीची राख, यात काही विरोध नाही.

तसंच छोट्या पॉझिटिव्ह विजांचं. दहा-पंधरा हजाराच्या खालची पॉझिटिव्ह वीज यादीत दिसली तर ती बहुतेक ढगातल्या ढगातच चमकलेली असते, जमिनीवर आलेलीच नसते, सेन्सर फसतो. याउलट खरी पॉझिटिव्ह वीज आली तर भल्ली मोठी, बर्गरच्या मोजणीत शंभरातल्या पाच अडीच लाखाच्या वर.

आणि करंट किती चटकन चढला हेही दूरून नीट कळत नाही, ते जमिनीनं खाऊन टाकलं असतं, वर सांगितलंच. वाईट याचं वाटतं की स्टार्टर, टीव्ही, मोबाईल चार्जर जाळतं ते नेमकं तेच. बर्गरच्या आकड्यात पहिल्या झटक्याचा सर्वात उभा चढ मायक्रोसेकंदाला १२ हजार अँपिअर आणि नंतरच्या, लहान म्हणवणाऱ्या झटक्याचा ४० हजार. सरळ तारेच्या एका मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स (करंटच्या बदलाला तारेचा विरोध) असतो, म्हणजे अर्थिंगच्या तारेत नुसत्या एका मीटरवर ४० हजार व्होल्ट उभे राहिले. विहिरीवरच्या मोटरची अर्थिंगची तार गुंडाळून, वळसे देऊन, "नंतर कामी येईल" म्हणून लटकवून ठेवलेली असते ना, ते वळसे आधी काढा.

आता बैलांचं. झाडावर वीज पडते, झाडाखाली चार बैल मरतात आणि दोन पावलांवरचा माणूस कधी वाचतो. करंट जमिनीत शिरून चहूकडं पसरतो तेव्हा जमिनीवरच दोन ठिकाणांत व्होल्टेजचा फरक पडतो. करंट ३० हजार, जमिनीचा रोध १०० ओहम-मीटर आणि झाड दहा मीटरवर धरलं, तर अर्धा मीटर पाय फाकवून उभ्या माणसाच्या दोन पायांत सव्वादोन हजार व्होल्ट येतात आणि पुढच्या-मागच्या पायात दीड मीटर अंतर असलेल्या बैलाला सहा हजार. त्यात माणसाचा करंट एका पायातून दुसऱ्या पायात जातो, बैलाचा मात्र छातीतून.

याच हिशोबात जमीन बदलून पाहा. पावसानं मुरलेली काळी जमीन ३० ओहम-मीटर धरली तर बैलाचे सहा हजार व्होल्ट दोन हजाराच्या आत येतात. कोरडा मुरूम ५०० धरला तर तीस हजाराच्या वर जातात. करंटच्या आकड्यात वेगामुळं दुपटीचा घोळ होता, इथं सोळा-सतरा पटीचा आहे, आणि हा घोळ कोणता अँटेना सोडवू शकत नाही, त्यासाठी वावरात चार खुंट्या ठोकून अर्थ टेस्टरच लावावा लागतो. तोही एप्रिल-मे मध्ये, अवकाळीच्या आधी, जमिनीला भेगा पडलेल्या असताना लावावा, कारण सप्टेंबरात मोजलेला आकडा तेव्हा लागू पडत नाही.